पिवळ्या जादूची तबकडी

ज्या समाजाचें वर्णन पिढ्यान्‌पिढ्या परकेच करीत आले, त्या समाजाला एके दिवशीं स्वतःचें वर्णन स्वतः करण्याची बुद्धि झाली, तर त्यानें कोणती वाट धरावी? इतिहासांत दोन वाटा वारंवार दिसतात. पहिली संतापाची. परक्यानें काढलेलें चित्र खोटें आहे, तें फाडून टाका, असें म्हणावयाचें. दुसरी शरणागतीची. परक्याला जें चित्र रुचतें तसेंच नटून त्याच्यापुढें उभें राहावयाचें. तिसरीही एक वाट आहे, पण ती क्वचितच कोणी चोखाळतो. परक्यानें काढलेलें तें चित्रच हातीं घ्यावें, आपल्या रंगांनीं तें पुन्हा रंगवावें, आणि ज्याच्या घरून तें आलें त्याच्याच दारीं नेऊन विकावें. ता. २५ नोव्हेंबर १९७८ रोजीं टोकिओच्या आल्फा कंपनीनें प्रसिद्ध केलेली एक ध्वनिमुद्रिका हें या तिसऱ्या वाटेचें मोठें बोधप्रद उदाहरण आहे. तिचें नांव ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’, म्हणजे ‘पिवळ्या जादूचा वाद्यवृंद’. वृंदाचें नांवही तेंच. वादक मात्र अवघे तीन, आणि त्यांच्या पाठीशीं एक गणकयंत्र!

प्रस्तुत लेखक संगीतशास्त्री नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. तेव्हां या तबकडीचें परीक्षण स्वर-लयीच्या अंगानें येथें करावयाचें नाहीं. ती कोठून आली, कशी घडली, आणि पूर्व व पश्चिम यांच्या परस्परदर्शनाच्या इतिहासांत तिला कोणतें स्थान द्यावें, एवढाच विचार येथें अभिप्रेत आहे.

आरंभीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. जपानांतील इलेक्ट्रॉनिक संगीताचा जन्मच या तबकडीनें झाला, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें खरें नाहीं. एन. एच. के. या जपानच्या सार्वजनिक नभोवाणी-संस्थेनें टोकिओंत १९५५ सालींच इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभारली होती. त्याच सुमारास तोशिरो मायुझुमी या तरुण रचनाकारानें तेथें विजेच्या आंदोलनांतून निघणाऱ्या शुद्ध स्वरांच्या रचना केल्या. १९६६ सालीं जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन याला तेथें पाचारण करण्यांत आलें, आणि देशोदेशींचें पारंपरिक संगीत यंत्रांत मिसळून त्यानें ‘टेलेमुझीक’ ही कृति तयार केली. परंतु हें सारें विद्वानांचें संगीत होतें. प्रयोगशाळेंत जन्मलें, परिषदांत वाजलें आणि ग्रंथांत गेलें. रस्त्यावरच्या माणसाच्या ओठीं तें बसलें नाहीं.

दुसरा टप्पा इसाओ तोमिता याचा. अमेरिकेंत १९६८ सालीं वेंडी कार्लोस हिनें बाखच्या रचना रॉबर्ट मोग याच्या सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली, आणि या यंत्राची कीर्ति जगभर पसरली. तोमितानें १९७१ सालीं असेंच एक यंत्र जपानांत मागविलें. जकातीच्या अधिकाऱ्यांना मात्र तारांचें आणि खुंट्यांचें तें कपाट वाद्य आहे हें पटेना. वाद्य म्हणून तें सोडवून घेण्यास तोमिताला बरीच खटपट करावी लागली. पुढें त्यानें फ्रेंच रचनाकार देब्युसी याच्या पियानोच्या रचना कित्येक महिने खपून एकेक स्वर करीत यंत्रावर उतरविल्या. ही तबकडी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली व अमेरिकेंतही गाजली. कारागिरी जपानी, यंत्र अमेरिकी, संगीत फ्रेंच, असा तो त्रिवेणी संगम होता. पण त्यांत जपानी माणसाचें स्वतःविषयीं कांहीं म्हणणें होतें काय? फारसें नव्हतें. तोमिताजवळ उमेदवारी केलेला हिदेकी मात्सुताके हा तरुण मात्र पुढें आपल्या कथेंत येणार आहे.

आतां त्या तिघांकडे वळूं. हारुओमी होसोनो हा वयानें वडील. त्याचा जन्म १९४७ चा, टोकिओचा. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरील एकमेव जपानी उतारू जो वांचला, तो याचा आजा. होसोनोनें तरुणपणीं ‘हॅपी एंड’ नांवाच्या मंडळींत काम केलें. रॉक संगीत जपानी भाषेंत गातां येतें कीं तें इंग्रजींतच गाइलें पाहिजे, असा वाद तेव्हां जपानांत माजला होता. ‘हॅपी एंड’नें जपानींत गाऊन दाखविलें. रियुइची साकामोतो याचा जन्म १९५२ चा. बाप नामवंत साहित्य-संपादक, आणि मुलगा टोकिओच्या कलाविद्यापीठाचा रचनाशास्त्राचा पदवीधर. देशोदेशींचें लोकसंगीत व इलेक्ट्रॉनिक संगीत या दोहोंचाही त्यानें अभ्यास केलेला. युकिहिरो ताकाहाशी हाही १९५२ चाच. ‘सॅडिस्टिक मिका बँड’ या मंडळींत तो ड्रम वाजवीत असे, आणि १९७५ सालीं त्या मंडळींबरोबर इंग्लंडचा दौराही करून आला होता. ताल त्याच्या हातीं घड्याळासारखा पक्का, व वेषभूषेचा मोठा शौक. एक चिंतक, एक पंडित व एक रसिक, अशी ही त्रयी जमली.

जमली ती एका विचाराभोंवतीं, आणि तो विचार होसोनोचा. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘एक्झॉटिका’ नांवाचा एक संगीतप्रकार लोकप्रिय झाला होता. त्याचा अध्वर्यु मार्टिन डेनी. जन्मानें न्यू यॉर्कचा, पण वास्तव्य हवाई बेटांत. होनोलुलूच्या एका हॉटेलांत त्याची मंडळी वाजवीत, तेव्हां बाहेरच्या तळ्यांतील बेडूक ओरडूं लागत, आणि वादकही गमतीनें पक्ष्यांचे आवाज काढीत. श्रोत्यांना हें इतकें आवडलें कीं पक्ष्यांचे आवाज हीच त्याची खूण ठरली. पूर्वेकडील घंटा, झांजा, बांबूचीं वाद्यें आणि थोडासा समुद्राचा खारा वारा, एवढ्या सामग्रीवर अमेरिकी गृहस्थाला आपल्या दिवाणखान्यांत बसल्या बसल्या सारा प्रशांत महासागर फिरून आल्याचें समाधान मिळे. चीन, जपान, जावा, बाली यांच्यांतील भेद त्याला कळण्याचें कारण नव्हतें, आणि वादकालाही ते दाखविण्याची निकड नव्हती. याच डेनीनें १९५९ सालीं ‘फायरक्रॅकर’, म्हणजे ‘फटाका’, या नांवाची एक चिनी ढंगाची चीज मुद्रित केली.

होसोनो हें संगीत ऐकत असे, आणि त्याला तें आवडे. कथेचें मर्म या आवडींतच आहे. आपल्या खंडाचें हें खोटें चित्र आहे हें त्याला कळत होतें. आणि तें मोहक आहे हेंही कळत होतें. १९७५ पासून काढलेल्या तबकड्यांतून त्यानें या मोहाशीं खेळ केला. मग १९७८ च्या फेब्रुवारींत त्यानें साकामोतो व ताकाहाशी यांना आपल्या घरीं बोलाविलें, आणि आपली वही त्यांच्यापुढें ठेवली. डेनीचा ‘फायरक्रॅकर’ सिंथेसायझरवर, नाचाच्या ठेक्यांत वाजवावयाचा आणि जगांत त्याच्या चाळीस लक्ष प्रती खपवावयाच्या, अशी ती योजना होती! नांवामागची कल्पनाही त्याचीच. युरोपी परंपरेंत जादू दोन प्रकारची मानतात, पांढरी म्हणजे हितकारक आणि काळी म्हणजे घातक. आपली जादू यांपैकीं कोणतीच नाहीं, ती पिवळी. ज्या रंगाचें नांव पाश्चात्त्यांनीं तुच्छतेनें या लोकांना चिकटविलें होतें, तोच रंग त्यानें बिरुद म्हणून मिरविला.

ही गोष्ट गाण्यांपुरती लहान दिसेल, पण तिची घडण पाहण्यासारखी आहे. एका अमेरिकी माणसानें हवाईंत बसून चीनची कल्पना केली. ती कल्पना तबकडीवर बसून जपानांत आली. जपानी तरुणांनीं ती यंत्रांत घातली, आणि अमेरिकेंत परत पाठविली. या फेऱ्यांत खरा चीन कोठेंच नाहीं! सर्वांना हें ठाऊक आहे, आणि त्यांतच सगळी गंमत आहे.

आतां यंत्राविषयीं. इकुतारो काकेहाशी याच्या रोलंड कंपनीनें १९७७ सालीं ‘एम. सी. ८ मायक्रोकंपोझर’ नांवाचें एक गणकयंत्र बाजारांत आणलें. त्यावर वाजविण्याच्या पट्ट्या नव्हत्या. हिशेबाच्या यंत्रावर असतात तशा आंकड्यांच्या कळा होत्या. प्रत्येक स्वरासाठीं तीन आंकडे द्यावयाचे. स्वर किती उंच, पुढच्या स्वरापर्यंत काळ किती, आणि त्या काळापैकीं स्वर प्रत्यक्ष वाजावयाचा किती. पहिल्या आंकड्यानें राग, दुसऱ्यानें लय, तिसऱ्यानें उच्चार, असें आपल्या परिभाषेंत म्हणतां येईल. असे हजारों आंकडे भरावे तेव्हां कोठें एक चीज उभी राही. आणि वीज बंद झाली कीं यंत्राची स्मृति पुसली जाई, म्हणून ते आंकडे टेपच्या कॅसेटवर उतरवून ठेवावे लागत. यंत्राची किंमत बारा लक्ष येन होती. तेव्हां घरोघरीं जाणारी ही वस्तु नव्हती. हें काम हिदेकी मात्सुताके यानें अंगावर घेतलें, आणि त्याला मंडळींतील चौथा सभासद म्हणत, तें योग्यच होतें.

ज्यांना यंत्रसंगीत म्हणजे कळ दाबून मोकळें होणें असें वाटतें, त्यांनीं या श्रमांचा विचार करावा. सतारीच्या तारेवर मींड घेणाऱ्या बोटाला जें क्षणांत साधतें, तें येथें आंकड्यांत मोजून लिहावें लागे. स्वर थोडा लांबला तर गाणें सुस्त होई, थोडा आंखडला तर तें उड्या मारूं लागे. ‘फायरक्रॅकर’मधील नाचरेपणा हा अशा मोजमापांतून निघालेला आहे. शिवाय सर्व कांहीं यंत्रच वाजवीत नव्हतें. यंत्राच्या टिकटिकीच्या सोबतीनें ताकाहाशी प्रत्यक्ष ड्रम वाजवी, होसोनो बास वाजवी, आणि साकामोतोची बोटें पट्ट्यांवर फिरत. माणूस यंत्राच्या शिस्तींत बसतो कीं यंत्र माणसाच्या ढंगांत येतें, याची ओढाताण त्या मुद्रणांत सतत ऐकूं येते. तबकडी जिवंत वाटते ती या ओढाताणीमुळें.

मुद्रण टोकिओच्या शिबाउरा भागांतील आल्फा कंपनीच्या स्टुडिओंत १९७८ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत झालें. तबकडीच्या आरंभीं गाणें नाहींच. आरंभीं खेळाच्या यंत्रांतील कुई-कुई, टण्‌टण् आवाज आहेत. त्याच वर्षीं ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ निघाला होता, आणि जपानांतील तरुण त्यावर नाणीं उधळीत होते. दुकानांतील तो गोंगाट या तिघांनीं संगीताच्या चौकटींत आणून बसविला, आणि त्या गोंगाटांतूनच ‘फायरक्रॅकर’ची सुरावट फुटते. डेनीचे पक्षी गेले, त्यांच्या जागीं यंत्रांतले पक्षी आले. होसोनोच्या ‘सिमून’ या रचनेंत वाळवंटांतल्या वाऱ्याचें नांव आहे, ‘कॉस्मिक सर्फिन’मध्यें समुद्राच्या लाटांवरील खेळ अंतराळांत नेला आहे.

दुसऱ्या बाजूचा आरंभ साकामोतोच्या ‘तोंग पू’नें होतो. तोंग पू म्हणजे पूर्वेचा वारा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळांतील चिनी वाद्यवृंदांच्या संगीताचा ठसा तिच्यावर आहे. तिच्यामागून ताकाहाशीची ‘ला फाम शिनुआझ’, आणि पुढें होसोनोची ‘मॅड पियरो’. हीं तिन्ही नांवें फ्रेंच चित्रपटकार झाँ-ल्यूक गोदार याच्या चित्रपटांवरून घेतलेलीं आहेत. म्हणजे पुन्हा तोच फेरा. माओच्या चीनची एका फ्रेंचानें केलेली कल्पना, आणि त्या कल्पनेवर जपान्यांनीं बांधलेलें गाणें. परंतु येथें इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावें लागतें. अमेरिकेची चीनविषयींची कल्पना खोटी असेल, पण भाबडी म्हणून सोडून देतां येईल. जपानचा व चीनचा संबंध तसा भाबडा नव्हता. १९३७ पासून १९४५ पर्यंत जपानी सैन्यानें चीनमध्यें जें केलें, तें या तिघांच्या बापांच्या पिढीचें कृत्य होतें. दोन्ही देशांमधील शांततेच्या व मैत्रीच्या तहावर सह्या झाल्या त्या ता. १२ ऑगस्ट १९७८ रोजीं. म्हणजे ही तबकडी मुद्रित होत होती त्याच दिवसांत. तहाचा आणि तबकडीचा कार्यकारणसंबंध जोडण्याचें कारण नाहीं. तथापि ‘पूर्वेचा वारा’ हें नांव त्या वर्षीं टोकिओंत कोणी घेतो, तेव्हां तें केवळ विनोदाचें राहत नाहीं.

याच अंगाला आपल्या देशाचाही एक दुवा आहे. १९७८ सालीं होसोनो हा तादानोरी योकोओ या चित्रकाराबरोबर हिंदुस्थानांत येऊन गेला. येथें तो चांगलाच आजारी पडला. परत गेल्यावर त्यानें ‘कोचीन मून’ नांवाची तबकडी काढली. ती सप्टेंबरांत, म्हणजे ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’च्या दोन महिने आधीं निघाली. साकामोतो व मात्सुताके तिच्यांतही आहेत. न निघालेल्या एका हिंदी चित्रपटाचें तें काल्पनिक संगीत. त्यांत मलबारच्या हॉटेलाचें नांव आहे, मद्रासचें नांव आहे, कावीळ या रोगाचेंही नांव आहे. खऱ्या रागदारीचा मात्र पत्ता नाहीं. डेनीनें चीनचें जें केलें, तेंच होसोनोनें आपलें केलें! ज्याचें चित्र दुसऱ्यानें काढलें, तो स्वतः कुंचला हातीं येतांच तिसऱ्याचें तसेंच चित्र काढतो. यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं, पण लक्षांत ठेवण्यासारखें पुष्कळ आहे. होसोनोचा बचाव करावयाचा तर एवढें म्हणतां येईल कीं आपण कल्पनेंतला देश रंगवीत आहों हें त्यानें कधीं लपविलें नाहीं.

तबकडी समुद्रापार गेली ती १९७९ च्या मे महिन्यांत. अमेरिकेंतील ए अँड एम कंपनीच्या होरायझन शाखेनें ती प्रसिद्ध केली. अल श्मिट या अनुभवी ध्वनिमुद्रकाकडून तिचें मिश्रण नव्यानें करून घेतलें, आणि वेष्टनावर केंसांच्या जागीं विजेच्या तारा असलेली एक पौर्वात्य स्त्री छापली. जी कल्पना खोडून काढण्यासाठीं हा सारा उद्योग, तीच कल्पना वेष्टनावर चढून बसली. फक्त पंख्याच्या आणि किमोनोच्या जोडीला आतां विजेच्या तारा आल्या! ऑगस्टमध्यें लॉस एंजेलिस येथें या मंडळींचे कार्यक्रम झाले, आणि पाठोपाठ लंडन, पॅरिस, न्यू यॉर्क. ‘कॉम्प्युटर गेम’ या नांवानें निघालेली छोटी तबकडी १९८० सालीं इंग्लंडच्या यादींत १७ व्या क्रमांकापर्यंत चढली. त्याच वर्षीं ‘सोल ट्रेन’ या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत हे जपानी वादक वाजवून आले. मायदेशांत त्यांना खरी प्रतिष्ठा लाभली ती या दौऱ्यानंतर. परदेशची पावती दाखविल्यावांचून घरचें दार उघडत नाहीं, हा अनुभव आपल्यालाही नवा नाहीं.

या तबकडीवर दोन आक्षेप घेण्यासारखे आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप यंत्राचा. संगीत हें श्वासाचें व स्पर्शाचें काम, तें आंकड्यांच्या स्वाधीन केलें तर उरतें काय? याचें उत्तर अंशतः वर आलें आहे. आंकडे देणारा माणूसच होता, आणि त्याचे कान माणसाचेच होते. पण आक्षेप त्यामुळें पुरता मिटत नाहीं. यंत्रें स्वस्त व सोपीं झाल्यावर ज्यांनीं तीं वापरलीं, त्या सर्वांनीं मात्सुताकेइतके श्रम घेतले असें कोण म्हणेल? वाट पाडणाऱ्याचे कष्ट वाटेवरून चालणाऱ्याला दिसत नाहींत, आणि पुष्कळदां त्याच्या अंगींही येत नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विडंबन हें समजणाऱ्यासाठीं असतें. ज्याला तें समजत नाहीं, त्याच्यापुढें विडंबन आणि मूळ वस्तु यांत फरक राहत नाहीं. यंत्रासारखे निर्विकार चेहेरे करून उभ्या राहिलेल्या या जपानी वादकांकडे पाहून किती अमेरिकी प्रेक्षकांना आपली थट्टा चालली आहे असें वाटलें असेल, आणि किती जणांना ‘जपानी म्हणजे यंत्रें’ या आपल्या समजुतीची खातरी पटली असेल? माझ्या मतें दुसऱ्या प्रकारचे प्रेक्षक पुष्कळ असले पाहिजेत. त्या अमेरिकी वेष्टनावरील चित्र हाच त्याचा पुरावा. तरीही होसोनोचा डाव फसला असें मला म्हणवत नाहीं. कारण यापूर्वीं चित्राचा धनी परका होता. यानंतर चित्र कितीही वेडेंवांकडें असलें तरी तें काढणारा हात जपानी होता, आणि त्याचे पैसे जपानांत येत होते. वर्ण्य विषय होणें आणि वर्णन करणारा होणें, या दोहोंतील अंतर ज्यांना भोगून ठाऊक आहे, ते याला क्षुल्लक म्हणणार नाहींत.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. सप्टेंबर १९७९ मध्यें निघालेल्या ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’ या दुसऱ्या तबकडीनें जपानांत त्यांना घरोघरीं नेलें. तिच्यांतील ‘बिहाइंड द मास्क’ ही रचना पुढें एरिक क्लॅप्टन व मायकेल जॅक्सन यांच्यासारख्यांनीं उचलली. ‘फायरक्रॅकर’चा तुकडा तर २००१ सालीं जेनिफर लोपेझ हिच्या एका गाण्यांत येऊन बसला. १९८३ सालीं मंडळी पांगली. साकामोतोला ‘द लास्ट एम्परर’ या चित्रपटाच्या संगीताबद्दल १९८८ सालीं इतर दोघांसमवेत ऑस्कर पारितोषिक मिळालें. आणि तो चित्रपट, योगायोग पाहा, चीनवरच होता.

रोलंड कंपनीचीं यंत्रें दरम्यान साऱ्या आशियांत पोहोंचलीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यानें १९८२ सालीं याच कंपनीचीं तीन यंत्रें घेऊन दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसविले, आणि त्यांची तबकडी काढली. ती त्या वेळीं कोणी विचारली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हा निघाली, तेव्हां युरोपांतील रसिकांना नवल वाटलें. त्याला आपले राग परक्याच्या कल्पनेंतून शोधावे लागले नाहींत, ते त्याच्या कानांतच होते. या दोन तबकड्या शेजारीं ठेवून ऐकल्या म्हणजे आशियांतील दोन शहरांनीं एकाच यंत्राला किती निराळे प्रश्न विचारले हें कळतें. टोकिओनें विचारलें, ‘आम्हांला लोक काय समजतात?’ मुंबईनें विचारलें, ‘आमच्याजवळचें हें येथें वाजेल काय?’

मार्टिन डेनी २००५ सालीं वारला. चरणजित सिंग २०१५ सालीं गेला. ताकाहाशी ता. ११ जानेवारी २०२३ रोजीं व साकामोतो त्याच वर्षीं ता. २८ मार्च रोजीं निधन पावले. चाळीस लक्षांच्या संकल्पाचें काय झालें, याचा हिशेब व्यापाऱ्यांनीं करावा. इतिहासकाराच्या वहींत नोंद करावयाची ती निराळी आहे. परक्याच्या आरशांत आपलें तोंड वांकडें दिसतें म्हणून आरसा फोडणारे पुष्कळ झाले, आणि त्या वांकड्या तोंडालाच आपलें समजून बसलेलेही पुष्कळ झाले. या तिघांनीं आरसा उतरवून घेतला, तो कसा बनवितात याचा अभ्यास केला, आणि मग स्वतःचा कारखाना काढला. त्या कारखान्यांतून निघालेले आरसेही पुष्कळदां वांकडेच निघाले. चीनला त्यांत आपलें तोंड ओळखूं आलें नसतें, आणि आपल्यालाही येत नाहीं. म्हणून ज्या समाजांना आपलें वर्णन आपण करावयाचें आहे, त्यांनीं या तबकडीपासून धीटपणा अवश्य घ्यावा. आणि शेजाऱ्याचें वर्णन करावयाची पाळी येईल, तेव्हां ‘कोचीन मून’ची आठवण ठेवावी.